सरळ केलेली गाडी

माझ्या नवऱ्याला वाकडं बघवत नाही. कोणाकडे गेलो की बसायच्या आधी हा त्यांच्या भिंतीवरची तसबीर सरळ करतो. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे हसतायत आणि हा एकटा कपाळाला आठ्या घालून फोटोग्राफरच्या तिपाईकडे बघतोय. तिचा एक पाय आखूड होता म्हणे. लहानपणी तो वाकडे खिळे गोळा करून हातोडीने सरळ करत बसायचा, म्हणून त्याच्या मोठ्या बहिणीने त्याचं नाव ‘सरळ्या’ ठेवलं. पन्नाशी गेली, डोक्यावरचे केस गेले, नाव मात्र तसंच राहिलं.

आमचं दुकान एकाच छपराखाली दोघांचं आहे. उजवीकडे त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज, डावीकडे माझं सीटचं काम. मधे भिंत नाही, फळ्यांचं एक कपाट आहे, आणि त्याच्या आरपार आम्ही दिवसभर भांडू शकतो. मी फोम कापते, रेक्झिन चढवते. मोटरसायकली करते, ट्रक करते, खुर्च्या करते. एकदा तर दातांच्या डॉक्टरची ती मागे झुकणारी खुर्चीही केली. हे काम मला कोणी शिकवलं नाही. लग्न होऊन आले, नुसतं बसून कंटाळले, म्हणून एक फाटकं सीट आत काय आहे ते बघायला उसवलं. उसवलं म्हटल्यावर परत शिवणं आलं. तेव्हापासून शिवतेच आहे.

गॅरेज मुळात सासऱ्यांचं. त्यांना सगळे बाबा म्हणत. मी येण्याआधीच ते गेले, त्यामुळे माझी त्यांच्याशी ओळख फक्त त्यांच्या कामातून. एखादी जुनी गाडी आली की नवरा ओळखायचा. "हे बाबांचं वेल्डिंग. बघ, गोगलगाय चालून गेल्यासारखं." बापावर जीव होता त्याचा, पण कारागीर म्हणून तो बाबांना काठावर पास करायचा.

तर एका शनिवारी माझी नणंद गॅरेजमधे आली आणि स्टुलावर न बसता उभीच राहिली.

ताईंबद्दल सांगायला हवं. वय अठ्ठावन्न. गावातले निम्मे लोक गाडी चालवायला त्यांच्याकडे शिकले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणारा स्टिअरिंगवर बसतो आणि शेजारी ताई बसतात. त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा ब्रेक आणि क्लच असतो. त्यामुळे आमच्या घरच्या गाडीत बसल्या तरी त्यांचा उजवा पाय सारखा खालची मॅट दाबत असतो. चालताना त्या जरा डावीकडे झुकतात. लांबून नुसती चाल बघून लोक म्हणतात, ताई आल्या. मी ती त्यांची ऐट समजत होते.

"सरळ्या," त्या म्हणाल्या, "माझी गाडी बाहेर काढ."

"परत कोणी क्लच जाळला?"

"शाळेची नाही रे. माझी म्हणतेय. माझी."

नवऱ्याने हातातला पाना खाली ठेवला. कपाटामागे, टायरांच्या ढिगाआड, पोत्यांखाली ती गाडी उभी होती हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण तिच्याबद्दल बोलायची पद्धत नव्हती.

"दातवाल्यांनी जुन्या मोटरसायकलींची शर्यत ठेवलीय," ताई म्हणाल्या. दातवाले म्हणजे तेच खुर्चीवाले डॉक्टर. तरुणपणी ते ताईंबरोबर मातीत शर्यती खेळायचे. "गाडी जुनी पाहिजे आणि चालवणारा पन्नाशीच्या पुढचा. दोन्ही अटींत मी बसते."

"आणि तुझा गुडघा?"

"गुडघ्याचं ऑपरेशन शर्यतीनंतर आहे. नवा गुडघा बसला की उड्या बंद, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणजे आधी मारून घ्यायला नको?"

"ताई, अगं या वयात..."

"हे बघ. बाबा गेले, गाडी तयार करायला कोणी उरलं नाही, मी शाळेत नोकरी धरली. शेवटची शर्यत कुठली ते मला तेव्हा कळलंच नाही. नेहमीसारखी पळवली आणि घरी आले. कळलं असतं तर नीट लक्ष देऊन पळवली असती." मग माझ्याकडे वळून, "काय गं गादीवाले, चुकतेय का मी?"

मी कात्री खाली ठेवून पोती ओढायला गेले.

गाडी निघाली. उंच, बारीक, पत्र्याच्या टोळासारखी. लाल टाकी, पुढे-मागे दातेरी टायर, त्यांचेही दात पडलेले. दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही.

"आरसा नाही म्हणून तर लाडकी होती," ताई म्हणाल्या आणि टाकीवरची धूळ तळहाताने पुसली. आमचं कुत्रं, वायसर, आलं आणि चाक हुंगून शिंकलं.

पुढचे काही आठवडे नवरा जेवताना सुद्धा गाडीच्याच गोष्टी सांगायचा. पिस्टन सिलिंडरमधे असा रुतला होता की आम्ही त्यात तेल ओतून रोज सकाळी त्याची विचारपूस करायचो. तो सुटला तेव्हा नवरा नाचला. नवीन पिस्टन एका भंगारवाल्याकडे मिळाला, तोही गप्पांच्या ओघात. कार्बोरेटरमधे कोळ्यांची चार घराणी नांदत होती. चाकं फिरवली की दारू प्यायल्यासारखी डुलायची. मग तो एकेक स्पोक आवळत, एकेक सैल करत, डोळा बारीक करून बसायचा. असा बसला की मी त्याला हाक मारत नाही. माणूस सुखात असला की कशाला उठवा.

आणि वाकडं किती होतं त्या गाडीत! त्याची दिवाळीच झाली. हँडलची डावी बाजू उजवीपेक्षा खाली आणि मागे वळलेली होती. "किती वेळा आपटली असेल हिने," असं म्हणत त्याने हँडल शिकंज्यात आवळलं, त्यावर लांब पाइप घातला आणि अंगाचं वजन टाकून सरळ केलं. दोरी लावून बघितलं, लांब जाऊन बघितलं, मला बोलावून दाखवलं. डाव्या फूटरेस्टवर एक लोखंडी तुकडा जोडलेला होता, ओबडधोबड, खाली तीच गोगलगाय.

"हे बघ बाबांचं ठिगळ! फूटरेस्ट मोडला असेल, दिला चिकटवून तुकडा. मापबीप काही नाही. एक वर, एक खाली." त्याने तो कापून काढला आणि भंगाराच्या बादलीत टाकला. ठण्ण.

हसण्यात मीही सामील होते, हे आत्ताच सांगून टाकते. सीट माझ्याकडे आलं. रेक्झिन उसवलं तर आत फोम, आणि फोमच्या डाव्या अंगाला चिकटवलेले रबरी चपलांचे तळ. खरोखरच्या चपला! एकावर एक.

"अहो, तुमच्या बाबांनी सीटमधे चपला घातल्यात!"

"फोम संपला असेल," तो पलीकडून म्हणाला. "बाबांचं असंच. जे हाताला लागेल ते."

मी नवा फोम कापला, दोन्ही बाजू सारख्या केल्या, काळं रेक्झिन ताणून चढवलं, कडेला लाल पायपिंग दिलं. सीट इतकं सुरेख झालं की त्यावर बसायची भीती वाटावी. जुना फोम चपलांसकट वायसरला दिला. तो त्यावर झोपायला लागला, आणि झोपेत दर वेळी उजवीकडे घरंगळायचा. आम्हाला वाटायचं, कुत्रंच येडं.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा निळ्या धुराने दोन्ही दुकानं भरली. मी खोकत होते, नवरा रडत होता. धुरामुळे, असं तो म्हणतो.

चाचणी ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात घेतली. तिथे शिकाऊ लोकांसाठी खांब रोवलेले आहेत, आठचा आकडा आखलेला आहे, कडेला टायरांची भिंत आहे. ताईंनी जुनं हेल्मेट घातलं, गुडघ्याला पट्टा बांधला, आणि एका किकेत गाडी सुरू केली.

मग त्या निघाल्या आणि सरळ टायरांत गेल्या.

हळूच गेल्या, लागलं काही नाही. परत सुरू केली. वळणावर गाडी त्यांच्या हातात राहीना. डाव्या वळणाला जास्त आत, उजव्या वळणाला जास्त बाहेर. सरळ रस्त्यावर उभ्या राहायला गेल्या आणि एका बाजूला कलल्या. नवरा ओरडत होता, "कोपरं वर घे! कोपरं!" तिसऱ्यांदा टायरांत गेल्यावर त्या उतरल्या, गाडी त्याच्या हातात दिली आणि हेल्मेट काढलं. चेहरा घामाने भिजला होता, आणि त्यावर असं काही होतं की मी दुसरीकडे बघितलं.

"झालं माझं," त्या म्हणाल्या.

"ताई, पहिलाच दिवस आहे. गाडी जरा—"

"गाडीला काही बोलू नकोस. गाडी नवीनसारखी झालीय. फार सुंदर केलीत तुम्ही." त्यांनी माझ्याही खांद्यावर थोपटलं. "पूर्वी हिच्यावर बसले की गाडी आहे हेच कळायचं नाही. आता सगळीकडून बोचतेय. म्हणजे माझंच अंग गेलं कामातून. दातवाल्यांना सांग, नाव काढून टाका."

आता यात एक गंमत अशी, की ताईंच्या शाळेत त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘चूक गाडीची नसते.’ शिकायला आलेला प्रत्येक जण म्हणतो, क्लच कडक आहे, ब्रेक लागत नाही, आरसा हलतोय. ताई बोटाने भिंत दाखवतात. इतकी वर्षं ते वाक्य लोकांना दाखवलं की स्वतःला दाखवायलाही वेळ लागत नाही. आणि माझ्या नवऱ्याचं म्हणाल तर सगळं सरळ असलेल्या गाडीत काही चुकीचं असू शकतं, हे त्याच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. तो दोन दिवस ताईंच्या वयाबद्दल हळू आवाजात बोलत राहिला, जसं आजारी माणसाबद्दल बोलतात.

तिसऱ्या दिवशी मी एका रिक्षाचं सीट करत होते. खाली बसून खिळे मारायचे होते, स्टूल नवऱ्याने नेलेलं, म्हणून मी वायसरला हाकललं आणि त्याच्या फोमवर बसले. बसले आणि उजवीकडे कलले. सावरून बसले, परत कलले. माणूस कितीही शहाणा असला तरी कुत्र्याच्या जागी बसल्यावर त्याला कुत्र्याची बाजू समजते.

मी फोम उचलून मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा कामाच्या नजरेने पाहिला. चपलांचे तळ नुसते चिकटवलेले नव्हते. एकेक थर खालच्यापेक्षा थोडा आखूड, कडा सुरीने तिरप्या तासलेल्या, हात फिरवला तर कुठे पायरी लागत नाही. मी इतकी वर्षं हे काम करतेय. घाईत भरलेलं काय आणि बसून, फुरसतीने, परत परत हात फिरवून भरलेलं काय, हे मला आंधळी झाले तरी कळेल. ज्याच्याकडे फोम संपलाय तो माणूस कडा तासत बसत नाही.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. हँडल कुठलं वाकलं होतं? डावं. फूटरेस्ट? डावा. चपला? डाव्या बाजूला.

"अहो," मी कपाटाच्या आरपार म्हटलं, "तुमच्या बाबांची बाकीची कामं आठवा. कुठे वाकडी असायची?"

"कुठे म्हणजे? सगळीकडेच."

"मग या गाडीत फक्त डावीकडेच का हो?"

तो पाना हातात घेऊनच कपाटाच्या माझ्या बाजूला आला.

ताई एकदा शर्यतीत पडून हात मोडून घेऊन आल्या होत्या, एवढं मी ऐकून होते. मी त्यांना फोन लावला. त्या कोणाला तरी गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या. "ताई, तुमचा कुठला हात मोडला होता?"

"डावा. का गं? — अहो, मागे बघा, मागे! — मनगट, वाकडंच जुळलं ते. आणि पायही. उंटाच्या पाठीवर पडले होते." उंटाची पाठ म्हणजे शर्यतीच्या मैदानातला जोड-उंचवटा. "पाय प्लास्टरमधून निघाला तेव्हा काडीसारखा झाला होता, आणि बोटभर आखूड. — थांबा! थांबा म्हणते! — बोल."

"आणि गाडी कोणी दुरुस्त केली?"

"बाबांनीच. मी बरी होऊन आले, बाबा म्हणाले गाडी तयार आहे. बसले आणि गेले. त्यानंतरच तर मी जिंकायला लागले."

"तेव्हा बाबांच्या चपला हरवल्या होत्या का हो?"

फोनमधून ब्रेक करकचल्याचा आवाज आला.

"तुला कसं ठाऊक?" ताई म्हणाल्या. "आई केवढी ओरडत होती. अनवाणी फिरायचे. विचारलं की म्हणायचे, सापडतील."

"शिकाऊला घरी सोडा आणि इकडे या."

त्या आल्या. माझ्या कामात एक साधा नियम आहे. खुर्चीचं माप खुर्चीवरून घ्यायचं नाही, बसणाऱ्यावरून घ्यायचं. मी नवऱ्याला हँडल काढून ठेवायला सांगितलं. गाडी स्टँडवर उभी, पुढे नुसती मोकळी हवा. ताईंना सीटवर बसवलं.

"डोळे मिटा."

"का? खाऊ देणार आहेस?"

"मिटा हो. आता तुम्ही शर्यतीच्या सुरुवातीच्या दोरीपाशी उभ्या आहात. दोरी उडणार आहे. धरा हँडल."

"कुठलं हँडल? काढलंय ना या सरळ्याने?"

"ताई!"

त्यांनी डोळे मिटले. जरा हसल्या, जरा खाकरल्या. मग काय झालं सांगू, माझ्यासमोर बसलेली अठ्ठावन्न वर्षांची बाई हळूहळू पुढे सरकली, पाठ वाकली, हनुवटी पुढे आली, कोपरं वर गेली. दोन्ही मुठी हवेत वळल्या. उजवी मूठ जिथे हँडल होतं तिथेच. डावी मूठ चार बोटं खाली आणि पोटाकडे. डावा पाय फूटरेस्टच्या वर, हवेत, न टेकता थांबलेला. तिथे काहीतरी असायला हवं होतं आणि नव्हतं.

"लवकर कर गं, हात अवघडले."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो टेप हातात घेऊन उभा होता, पण मोजत नव्हता. त्या चार बोटांच्या फरकाकडे बघत होता. फोटोग्राफरच्या तिपाईचा आखूड पाय लग्नाच्या गडबडीत ओळखणारा माणूस! मला बोलायचं होतं, जिभेवर आलं होतं, पण गिळलं. बायकोलाही कधीकधी दया येते.

"मोजा," एवढंच म्हटलं.

त्याने मोजलं. जमिनीपासून, टाकीपासून, सीटच्या कडेपासून. खडूने भिंतीवर खुणा केल्या. मग सरळ केलेलं ते हँडल शिकंज्यात आवळलं, पाइप चढवला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?" ताई म्हणाल्या.

"काही नाही. दोरीत आहे ते. एकदम दोरीत आहे."

"दे इकडे, मी वाकवते."

"तू हात लावू नकोस! तू कसंही वाकवशील."

आणि त्याने वाकवलं. मी माझ्या नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वाकडं करताना बघितलं. थोडं वाकवायचा, काढायचा, ताईंच्या मुठीत द्यायचा, विचारायचा, परत लावायचा. ताईंची मूठ आणि ते लोखंड यांत तीळभर फरक राहू दिला नाही. इतकं अचूक वाकडं मी कुठे पाहिलेलं नाही.

भंगाराची बादली त्याने जमिनीवर पालथी केली आणि फूटरेस्टचा तुकडा शोधून काढला. जोडताना वरून स्वतःचं स्वच्छ वेल्डिंग केलं. खालच्या बाजूची बाबांची गोगलगाय मात्र घासली नाही.

"घासा की," मी मुद्दाम म्हटलं.

"राहू दे. मजबूत आहे ती."

जुना फोम मी वायसरकडून परत घेतला. केस झटकले, उन्हात ठेवला, वर पातळ नवा थर देऊन सीट परत शिवलं. लाल पायपिंग डावीकडे फुगलं आणि माझी सगळी शोभा गेली. वायसर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

शर्यतीच्या दिवशी मैदानात पोटं सुटलेल्या, केस पिकलेल्या लोकांची आणि चकचकीत गाड्यांची जत्रा भरली होती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीखाली डोकं घालून बघत होता. सुरुवातीआधी गाड्या तपासायला स्वतः दातवाले. त्यांनी ब्रेक बघितले, चेन बघितली, आणि मग समोर उभे राहून एक डोळा मिटला.

"हँडल वाकलंय. हे सरळ केल्याशिवाय सोडता येणार नाही."

ताईंनी हेल्मेटमधून माझ्याकडे बघितलं. आणि माझा नवरा, ज्याने उभ्या आयुष्यात कोणाची वाकडी तसबीर सोडली नाही, तो दातवाल्यांच्या आणि गाडीच्या मधे जाऊन उभा राहिला.

"ते सरळच आहे," तो म्हणाला.

"अहो, मला दिसतंय ना. डावीकडे खाली आहे."

"तुम्हाला गाडी दिसतेय. ताई, बस गं." ताई बसल्या. "आता बघा. हात बघा, खांदे बघा. कुठे वाकडं आहे सांगा. तुम्ही कवळी सगळ्यांना एकाच मापाची देता का?"

दातवाले चष्मा वर करून बघत राहिले. पुढून बघितलं, मागून बघितलं. मग एकदम म्हणाले, "म्हणजे हे तेव्हाही असंच होतं? मला वाटायचं या मुद्दाम डावीकडे कलतात, मला आतून पुढे जाऊ द्यायचं नाही म्हणून!"

"ते पण होतंच," ताई म्हणाल्या.

दातवाल्यांनी हँडल धरून हलवून पाहिलं, घट्ट आहे याची खात्री केली आणि टाकीवर खडूने बरोबरची खूण केली.

दोरी सुटली तेव्हा मला फक्त धूळ दिसली. धूळ, निळा धूर आणि मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज. मग त्या धुळीतून एकेक जण बाहेर पडायला लागला, आणि त्यात एक जण जरासा डावीकडे झुकलेला. ताईंची चाल लांबून ओळखू येते तशीच ही ओळखू आली. नवऱ्याने माझा दंड इतका आवळला की नंतर निळा झाला. पहिल्या फेरीत त्या शेवटून पहिल्या होत्या. दुसऱ्या फेरीत एका पोटवाल्या गृहस्थाला त्यांनी वळणावर आतून कापलं. तो मग भर शर्यतीत मान वळवून बघत राहिला आणि बांधावर चढला. उंटाची पाठ आली तेव्हा मी डोळे मिटणार होते, पण नवऱ्याने ओरडून सांगितलं, "बघ! बघ!" दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. हातभर, जास्त नाही. पण सुटली, आणि हलक्या हाताने ताट ठेवावं तशी परत टेकली.

एकूण त्या शेवटून तिसऱ्या आल्या. गाडी आमच्यापाशी आणून थांबवली, हेल्मेट काढलं. मातीने फक्त डोळे आणि दात दिसत होते.

"गाडी कशी होती?" नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा झाला होता.

"गाडी?" ताई म्हणाल्या. "गाडी होती का? मला कळलीच नाही."

तो लगेच खाली बसून चेन तपासायला लागला. चेन तर उत्तम होती.

"आणि नीट लक्ष देऊन पळवलीत ना?" मी ताईंना विचारलं. "शेवटची म्हणून?"

"पहिल्या फेरीत दिलं गं लक्ष. मग विसरले."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ताई पलंगावर उशांना टेकून नर्सला सांगत होत्या की ती चाकाची खुर्ची ढकलताना वळणावर उशिरा वळते. पाय पांढऱ्या पट्ट्यांत, लांब पसरलेला.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, गुडघा बसवताना जुना वाकही काढला. आता दोन्ही पाय जवळजवळ सारखे. चालीची सवय करावी लागेल म्हणे."

"आणि उड्या?"

"उड्या मारायच्या नाहीत. मी म्हटलं, मी कुठे मारते? गाडी मारते."

मी हसले. हसता हसता लक्षात आलं, नवरा हसत नाहीये. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून ताईंच्या दोन्ही टाचांकडे बघत होता. एक डोळा मिटलेला. मग त्याने खिशातून टेप काढला.

"सरळ्या, हॉस्पिटल आहे हे," ताई म्हणाल्या.

"हलू नकोस," तो म्हणाला आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "तिथे धर, कमरेपाशी. च्यायला, आता फूटरेस्ट परत खाली घ्यावा लागणार."